आजोबांचा पायाचा ऑर्गन दुरुस्त करतोय (पारोळा), जाणकारांनी मदत करा

पांढरी_चार (धागाकर्ता) | नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

दिवाळीला पारोळ्याला गेलो होतो. वाड्याच्या मागच्या खोलीत आजोबांचा ऑर्गन आहे. गेली पंचवीस-तीस वर्षं त्याच्यावर गोधड्या, रिकामी पोती, लग्नातली पातेली असं काहीबाही रचलेलं होतं. या वेळी मी आणि धाकट्या भावाने सगळं उतरवलं, फडक्याने पुसलं आणि ऑर्गन दाराच्या उजेडात ओढला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

आधी माहिती देतो. उंची माझ्या डोक्याच्याही वर. काळपट लाकूड, दोन्ही बाजूंना कोरीव वेली. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, डावीकडची पहिलीच पट्टी पांढरी चार (इंग्रजी एफ). पट्ट्यांच्या वर अकरा खुंट्या, त्यांच्या चकत्यांवर डायपेसन, मेलोडिया, डल्सियाना, व्हॉक्स ह्युमाना, व्हॉक्स सेलेस्ट अशी नावं, काही पुसलेली. खाली दोन पायटे आणि गुडघ्याने ढकलायच्या दोन लाकडी पट्ट्या. सगळ्यात वर ओळीने सतरा सोनेरी पाइप, त्यांच्यावर निळी-तांबडी नक्षी. नावाची पाटी कधीच गेली, स्क्रूची चार भोकं राहिलीत.

घरात सांगतात ते असं: नवापूरकडच्या एका मिशन बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यात आजोबांनी हा घेतला. रेल्वेने अमळनेर, तिथून बैलगाडीने पारोळा. आजोबा शाळामास्तर, नाट्यसंगीताचा नाद. आई सांगते, ती नवी सून म्हणून आली तेव्हा दिवेलागण झाली की पायट्यांचा आवाज आधी यायचा, सूर मागून.

आज पायटे मारले तर नुसतं फस्स होतं. दोन पट्ट्या कण्हतात, बाकी मुक्या. डावा पायटा लोंबतोय.

हा पाइप ऑर्गन म्हणायचा का? पाइप फुंकून पाहिले, एकही वाजत नाही. घरच्या घरी नीट होईल का? विकायचा नाही, शोभेला मांडायचाही नाही. घरात वाजवायचा आहे. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "आतलं काढून टाका, कीबोर्ड बसवून देतो." ते ऐकून फार वाईट वाटलं.

केळीचं_बन | रावेर

दादा, फोटो पाहून अंगावर काटा आला. कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये विलिस यांचा पाइप ऑर्गन आहे, तो ऐकलाय. तसा छोटा पाइप ऑर्गन घरासाठी मिळत असे का? आणि तुमचा तसा असेल तर पाइपांतून आवाज का नाही?

दूरचा_षड्ज | नाशिक

हा पाइप ऑर्गन नाही. आपण ज्याला नाटकातला ऑर्गन म्हणतो तोच हा, रीड ऑर्गन, पितळी सुरांचा (इथे सूर म्हणजे चौकटीत बसवलेली पितळी जीभ, हवेने थरथरून वाजणारी). वरचे पाइप शोभेचे. दिवाणखान्यात चर्चचा थाट यावा म्हणून अमेरिकन कारखाने असा मजला वर चढवून देत. मागून बघा, सपाट फळीला नुसते टेकवलेले असतील, हवा यायला वाटच नाही.

उदबत्ती घ्या. मागची फळी काढा, एकाने पायटे मारायचे, एकाने पट्टी दाबायची, आणि धूर सुरांच्या घरांजवळ धरायचा. धूर आत ओढला गेला तर अमेरिकन पद्धत, बाहेर ढकलला गेला तर युरोपी हार्मोनियम. पॅरिसच्या दबँ यांनी १८४० च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ती हवा दाबणारी जात. आपली हातपेटीही त्याच वंशातली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात ती मांडीवर बसण्याजोगी केली. अमेरिकन ऑर्गनमध्ये पायटे भात्यातली हवा बाहेर काढतात आणि बाहेरची हवा सुरांमधून आत शिरते. म्हणून त्याचा आवाज पेटीसारखा अंगावर येत नाही, गोल येतो.

केळीचं_बन, घरगुती पाइप ऑर्गन होते आणि आजही बनतात, कपाटाएवढे. पण खर्जातल्या सी सुराला उघडी नळी ८ फूट लागते. तोंड बंद केलं की ४ फुटांत भागतं, म्हणून छोट्या ऑर्गनमध्ये बुच मारलेल्या लाकडी नळ्या जास्त. आणि खान्देशात मोठी अडचण उन्हाची. नळीचा सूर हवेच्या तापमानाबरोबर चढतो, अंशाला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). जानेवारीच्या पहाटे १० अंश, मेच्या दुपारी ४४. एवढ्यात जवळजवळ अर्धा स्वर! थंडीत पांढरी चारला लावलेली नळी उन्हाळ्यात काळी तीनला जाऊन बसते. पितळी जिभेला हा त्रास नावापुरता. तुमच्याकडे रीड ऑर्गन आहे हे चांगलंच झालं.

पाटी नसली तरी आत क्रमांक ठोकलेला असेल. सुरांच्या फळीवर किंवा शेवटच्या पट्टीच्या बाजूला पेन्सिलने तारीख लिहिलेली सापडते. ब्रॅटलबरोच्या एस्टी कंपनीने पाच लाखांवर ऑर्गन बनवले, बोस्टनची मेसन अँड हॅमलिन १८५४ पासूनची. मोठ्या कारखान्यांच्या क्रमांकावरून साल काढता येतं.

आणि कीबोर्ड बसवू नका. हात जोडून सांगतो.

नाट्यवेडी | जळगाव

पांढरी_चार, तुमचे आजोबा एकटे नव्हते. खान्देशात नाटक कंपन्यांचे मुक्काम पडायचे आणि ऑर्गनचा सूर कानात घेऊन माणसं गावी परतायची. बालगंधर्वांचं लहानपणचं गाण्याचं शिक्षण इथेच, जळगावात मेहबूबखाँकडे झालं. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि शेजारी ऑर्गन, हा साथीचा घाट पुढे नाट्यसंगीताची ओळखच होऊन बसला.

मी गाते म्हणून सांगते. हातपेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला असतो. ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात मोकळे, श्वास पायात. गाणारा तानेवरून खाली येऊन षड्जावर थांबतो तेव्हा ऑर्गन त्याच्याखाली चटई अंथरल्यासारखा असतो. गुडघ्याची पट्टी हलकेच ढकलली की तोच सूर फुलतो, सोडली की मिटतो. विजेच्या कीबोर्डवर मी शंभरदा गायले आहे, तिथे माझ्या श्वासाबरोबर कोणी श्वास घेत नाही.

१९४० पासून कित्येक वर्षं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पट्टीवरच्या बांधलेल्या स्वरांत मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधली बारीक अंतरं) नाहीत, हा आक्षेप. आक्षेप खोटा नाही. पण नाट्यपदाला ऑर्गनने जे दिलं तेही खरं आहे. कृपया तो वाचवा.

पांढरी_चार

सगळ्यांचे मनापासून आभार. उदबत्तीचा धूर आत गेला! मागची फळी निघाली आणि भाऊ दोन पावलं मागे सरकला, इतकी धूळ.

आत काय मिळालं ते लिहितो. मोठ्या भात्याच्या तळाशी उंदराचं घरटं: सरकीसकट कापूस, लाल नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) कुरतडलेले तुकडे, आणि एका लग्नपत्रिकेचा कोपरा. त्यावर "वैशाख शु." एवढंच वाचता येतं. कोणाच्या लग्नाची पत्रिका, आईलाही सांगता येईना. सुरांच्या तीन घरांत कुंभारमाशीने मातीची घरं बांधली आहेत, इतकी गुळगुळीत की आधी मला तो यंत्राचाच भाग वाटला. डावीकडच्या शेवटच्या पट्टीच्या लाकडावर पेन्सिलने चार आकडे आहेत, पहिले दोन १८, पुढचे पुसलेले.

भात्याचं कापड हात लावला की पापडासारखं तुटतं.

सूर काढायला हुक लागतो म्हणून वाचलं. सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून केला. प्रत्येक सुराच्या टाचेला खाच आहे, त्यात हुक अडकवून सरळ मागे ओढला की सूर सुळकन बाहेर. दोन ओळी, १२२ सूर. अंड्यांच्या पाच ट्रेमध्ये आकडे घालून ठेवलेत. प्रत्येकावर स्वराचं अक्षर ठोकलेलं आहे, ते पाहून हात जोडले.

एक चूक झाली, तीही सांगतो. मी बाहेर गेलो असताना भावाने सहा सूर चिंच आणि राखेने घासून लख्ख केले. दिसायला सोनं.

दूरचा_षड्ज

आता थांबवा! ते सहा कोमट पाण्यात धुऊन लगेच कोरडे करा, जिभेच्या कडेला आंबट राहिलं तर हिरवा गंज चढेल. पितळेवरचा काळपटपणा सुराला बाधत नाही. घासलं की धातू जातो आणि सूर हलतो. बाकीचे ११६ नुसते मऊ ब्रशने झटका, टाचेकडून टोकाकडे, उलटं नाही. जिभेखाली केसाएवढी धूळ अडकली तरी सूर मुका होतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून सरकवून काढा.

भावाला रागावू नका. त्याने मायेनेच केलं.

भुसावळ_यार्ड

मी रेल्वेतून रिटायर झालेला फिटर. संगीतातलं काही कळत नाही, पण आयुष्य व्हॅक्यूम ब्रेकमध्ये गेलं. तुमचं वर्णन वाचून रात्री झोप लागली नाही. हे तर आमचंच काम!

गाडीच्या ब्रेकला पाऱ्याचे २१ इंच व्हॅक्यूम लागायचे. तुमच्या ऑर्गनला पाण्याचे तीन-चार इंच पुरावेत. तेवढ्याशा ओढीवर १२२ पितळी जिभा बोलतात याचं मला अप्रूप वाटतं. पण ओढ इतकी कमी म्हणजे गळती अजिबात चालणार नाही. आमच्या गाडीला एक पाइप सैल असला तरी इंजिन भरून काढायचं. तुमचं इंजिन म्हणजे दोन पाय.

पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी फळीवर ठोका, अर्धं पाणी भरा, शेजारी पट्टी लावा. एक टोक भात्याला जोडा, दुसरं उघडं. पायटे मारा, पाणी किती चढतं ते लिहा. मग सगळ्या खुंट्या बंद करून भाता पूर्ण मिटेपर्यंत मारा, पाय काढा आणि किती सेकंदांत उघडतो ते मोजा. दुरुस्तीआधी मोजा, नंतर मोजा. डोळ्यांनी गळती शोधायची तर उदबत्ती आहेच, पण जुन्या पट्ट्यांवरचा पांढरा पत्रा सेल्युलॉइडचा असेल तर तो भडकन पेटतो. निखारा तिकडे नेऊ नका.

पांढरी_चार

काका, मोजलं. पाणी अर्धा इंचही चढलं नाही. भाता दोन सेकंदांत उघडला.

रंधा | शिरपूर

मी सुतार, तिसरी पिढी. काकांनी निदान केलं, आता उपचार मी सांगतो.

भाता सोडण्याआधी आतल्या स्प्रिंगा बांधून घ्या. भाता आतून उघडा ठेवायला त्या असतात, दाबलेल्या. कापड कापलं आणि स्प्रिंग सुटली तर बोट जाईल. दोन फळ्यांना दोरी गुंडाळून मगच सुरी लावा.

जुनं कापड फेकू नका. ते उलगडून कागदावर आखून घ्या, कोपऱ्याच्या घड्यांसकट. तोच तुमचा नकाशा.

चिकटवायला सरसच (जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरा. रात्रभर थंड पाण्यात भिजवा, सकाळी फुगतो, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून कोमट करा. उकळी आली की सरसातला जीव जातो. बोट बुडवून सहन होईल-न होईल इतपत गरम. पांढरा गोंद सोपा पडतो हे मला ठाऊक आहे, दुकानात मीही तोच वापरतो. पण पन्नास वर्षांनी तुमचा नातू हा भाता उघडेल. सरस गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो, पांढरा गोंद फळीचं साल घेऊन निघतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने तुमच्यासाठी वाट ठेवली म्हणून आज तुम्हाला काम करता येतंय.

माझे आजोबा अहिराणीत म्हणायचे, "दखा, लाकूड बी श्वास लेस." फळीला चीर असेल तर लांबी (पुटी) भरू नका. त्याच जातीच्या लाकडाची बारीक पाचर करा, रेषा जुळवून बसवा, वरून मेंढीच्या पातळ कातड्याची पट्टी.

पायट्याची पट्टी तुटली आहे ना? जुन्या पलंगाची नवार घ्या. सुती, घट्ट विणीची. तीच लागते.

पांढरी_चार | जानेवारी

दोन महिने गप्प होतो, कारण दर शनिवार-रविवार पारोळ्यातच होतो.

पहिला भाता फसला. घाई केली. औषधाच्या दुकानात बिछान्यावर घालायचं रबरी कापड मिळतं, ते आणलं. हवा सुटत नाही म्हणून खूश होतो. पण ते इतकं ताठ की घडीला वळेना. पायटा मारला तर भाता कुरकुरत अर्धाच मिटायचा आणि कोपऱ्यातून सरस उखडायचा. दोन दिवसांची मेहनत फडक्याने भिजवून सोडवली. सोडवता आली, रंधा, कारण सरस होता. त्या दिवशी तुमची आठवण काढली.

मग पुण्याहून भात्यासाठीचं पातळ, रबर चढवलेलं सुती कापड मागवलं. जुन्या कापडाच्या नकाशावर कापलं. आईने कोपऱ्याच्या घड्या घातल्या. मी तीनदा घालून पाहिल्या होत्या, दरवेळी एक बाजू चुरगळायची. ती म्हणाली, "अरे, पापडाची लाटी दुमडतोस का? ब्लाउजच्या बाहीसारखं घे." आणि तिने घातलेली घडी आजवर एकदाही अडलेली नाही.

पट्टी दाबली की उघडणाऱ्या झडपांवरचा नमदा कसरीने चाळण केला होता. सगळ्या ६१ झडपांना नवा नमदा आणि वर पातळ कातडं. कातड्याची मऊ, केसाळ बाजू बाहेर ठेवायची, ती लाकडावर नीट बसते. या एका कामाला चार रविवार गेले. एका झडपेखाली कातड्याची कड एवढीशी दुमडली तर तो सूर पट्टी न दाबताच वाजत राहतो. माझ्या तीन वाजत होत्या.

व्हॉक्स ह्युमाना म्हणजे काय तेही आता कळलं. मागे एक आडवा दांडा, त्याला पुठ्ठ्याची पाती. हवेने तो फिरतो आणि सुराला गळ्यासारखा कंप येतो. माझ्या पात्यांवर कोळ्याची जाळी इतकी होती की दांडा हलत नव्हता. पुसला, टोकांना शिसपेन्सिलची पूड लावली, गरगर फिरायला लागला. भाऊ त्याच्यासमोर अर्धा तास बसून होता.

काका, मोजमाप: पाणी सव्वातीन इंच. भाता मिटून राहिला एकेचाळीस सेकंद.

भुसावळ_यार्ड

एकेचाळीस! घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

केळीचं_बन

दादा, रोज पायटे मारून दमायला होत नाही का? व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावली तर चालेल असं एकाने सांगितलं.

दूरचा_षड्ज

चालेल, पण ती मोटर ऑर्गनच्या गरजेच्या कितीतरी पट ओढते. मध्ये झडप आणि नियंत्रण नसेल तर खर्जातल्या जिभा ताणून तडकतील. मोठ्या ऑर्गनला वेगळे शांत पंखे मिळतात आणि पाय अधू असलेल्या माणसासाठी ती सोय मी नाकारणार नाही. पण चांगला भाता असला की पायटे मारणं म्हणजे सावकाश चालण्याइतकं. दम लागत असेल तर भाता गळतोय.

आता पांढरी_चार, सुरांविषयी. तुम्ही फोनवरचं ॲप काढून बसला असाल आणि सगळं ए ४४० ला (ए सुराची सेकंदाला ४४० कंपनं, हे आजचं प्रमाण) आणायचा मोह झाला असेल. आधी प्रत्येक सूर मोजून वहीत लिहा. जुने अमेरिकन ऑर्गन पुष्कळदा ए ४३५ ला लावलेले असतात, म्हणजे आजच्यापेक्षा सुमारे २० सेंट खाली. सगळेच सारखे खाली असतील तर हात लावू नका. ऑर्गन स्वतःशी सुरेल आहे, तबला आणि तंबोरा त्याच्याशी मिळवा. जीभ टोकाकडे खरवडली तर सूर चढतो, टाचेकडे खरवडली तर उतरतो. पण खरवडलेलं पितळ परत येत नाही.

आणि व्हॉक्स सेलेस्टची ओळ मोजाल तेव्हा ती थोडी बेसूर दिसेल. ती मुद्दाम तशी आहे. दुसऱ्या ओळीबरोबर वाजवली की दोन सूर एकमेकांवर हळू लाटा काढतात, तोच तिचा गुण. एका सज्जन माणसाने ती ओळ दोन दिवस बसून "दुरुस्त" केली होती. नंतर ती खुंटी ओढली तरी काही घडत नसे.

पांढरी_चार | मार्च

मोजलं. घासलेले सहा सोडून १०९ सूर एकमेकांशी नीट, सगळे १८ ते २२ सेंट खाली. हात लावला नाही. भावाने घासलेल्या सहांपैकी चार थोडे चढले होते, ते टाचेकडे खरवडायचे दोन-दोन हलके फटके देऊन आणले. दर फटक्यानंतर घरात बसवून ऐकायचं, पुन्हा काढायचं. उरलेल्यांपैकी सहा नुसत्या कागदाच्या पट्टीने बोलते झाले.

एक नाहीच. मंद्रातली पांढरी एक. जिभेला टाचेजवळ आडवी चीर आहे.

बाकी ऑर्गन वाजतो! शनिवारी रात्री दिवे गेले होते. कंदिलाच्या उजेडात मी पांढरी चारचा षड्ज आणि पंचम धरला आणि उजव्या गुडघ्याने पट्टी हळूहळू ढकलली. खोलीतली फळी आणि फळी थरथरली. आई स्वयंपाकघरातून आली, दाराला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "पायट्याचा आवाज कमी झाला रे." आजोबांचा डावा पायटा म्हणे नेहमी करकरायचा. तो मी तेल देऊन बंद केला होता. ते तेल आता पुसून काढलंय.

नाट्यवेडी

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

दूरचा_षड्ज

चीर गेलेल्या सुराचं: हातपेटीचे सूर यात बसत नाहीत. पेटीच्या सुराची चौकट स्क्रूने फळीवर बसते, ऑर्गनचा सूर खाचेत सरकतो. पण चौकट तुमच्याकडे आहे. पेटी बनवणाऱ्या कारागिराकडून त्या चौकटीवर नवी पितळी जीभ रिव्हेट करून घ्या. गुजरातेतल्या पालिताण्याचे पेटीचे सूर नावाजलेले, तिथल्या जातीचं पितळ मिळालं तर उत्तम. जीभ आधी जाड ठेवायला सांगा. मोडलेली जीभ जपून ठेवा, तीच लांबी-रुंदीचं माप.

रंधा

एप्रिल आला. कूलरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय झोप नाही. रात्रभर कूलरची ओली हवा, दिवसा बंद खोलीत चाळीसच्या वर कोरडी हवा. लाकूड रात्री फुगतं, दिवसा आकसतं, रोज. त्याने जितक्या फळ्या चिरतात तितक्या नुसत्या उन्हाने चिरत नाहीत. ऑर्गन कूलरच्या खोलीत ठेवू नका. बाहेरच्या भिंतीला, पश्चिमेला तर नाहीच. आतल्या भिंतीला लावा, मागे चार बोटं जागा सोडा, आणि उन्हाळाभर खाली तळफळीवर रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात पाणी ठेवा. वर जाळी बांधा, नाहीतर उंदीर तिथेच पाणवठा करतील. पावसाळा लागला की भांडं काढा.

पायट्यांच्या मागच्या फटीलाही बारीक जाळी ठोका. अमेरिकन कारखाने "उंदीर न शिरणारे पायटे" अशी जाहिरात करत, म्हणजे तिकडेही हाच वैरी.

पांढरी_चार | सप्टेंबर

पावसाळ्यानंतरची खबर. मातीचं भांडं जूनमध्ये काढलं. जुलैत पाच पट्ट्या दाबल्यावर वर येईनात. पट्टीखालच्या लाकडी काड्या फुगून भोकात अडकत होत्या. रंधा यांना फोन केला, ते म्हणाले घासू नका, ऑक्टोबरात भोकं ढिली पडतील. काड्यांना नुसती पेन्सिलीची पूड चोळली. चार सुटल्या. पाचवीची काडी आधीच कोणी तरी बदललेली निघाली, सागाची, हाताने तासलेली, बाकीच्यांपेक्षा एक सूत जाड. तिच्यावर आजोबांच्या अक्षरात "पां. ३" लिहिलंय. ती मी घासली नाही. भोकाच्या कडेचा जुना नमदा झिजून गोळा झाला होता, तो बदलला, आता जाते.

मंद्रातली पांढरी एक परवा जीभ बसवून आली. बारा सेंट वर आहे, मुद्दाम जाड ठेवलीय. एकट्याने खरवडायला हात होत नाही. दूरचा_षड्ज, तुम्ही म्हणाला होतात नवरात्राआधी जळगावला येणार आहात. पारोळ्याला वाट वाकडी करता येईल का? आई वरण-बट्टी करणार आहे.

दूरचा_षड्ज

येतो. शनिवारी रात्री पोहोचतो. खरवडायची पाती माझी आणतो. त्या सुराच्या आजूबाजूचे दोन-दोन सूर काढून ठेवू नका, त्यांच्या शेजारी वाजवूनच तो लावायचा आहे.

भुसावळ_यार्ड

रविवारी सकाळच्या गाडीने अमळनेर, तिथून एसटी. नळी आणि पट्टी घेऊन येतोय. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायला हवं.